तीन नंबरचं मशीन

रविवारी मशिनं बंद असतात, म्हणून घरातल्या सभा रविवारी होत. सभा हा शब्द काकांनी आणला. आजोबांच्या काळातही हीच माणसं याच टेबलाभोवती बसून हेच करायची. तेव्हा त्याला भांडण म्हणत आणि ते अर्ध्या तासात संपे.

टेबल लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर, ऑफिसात. काचेतून खाली सहा धुलाई मशिनं एका ओळीत दिसतात, पलीकडे इस्त्रीचे रूळ, आणि भिंतीशी अकरा हॉटेलांच्या चादरी-टॉवेलांच्या चाकांच्या गाड्या. काचेपाशी काकांची खुर्ची, कारण तिथून सगळ्यांवर लक्ष राहतं. दाराजवळ काकूची, कारण चहा आणायला तेच बरं पडतं.

आजच्या सभेचा विषय होता काकांच्या पुतणीचा, घरातल्या धाकटीचा प्रबंध. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आणि शाश्वत व्यवसाय या भारदस्त नावाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती दोन वर्षं दूर राहून आली होती, आणि प्रबंधासाठी तिने विषय घेतला होता आपल्याच लॉन्ड्रीचा. चौऱ्याण्णव पानं. उद्या दुपारी बाराच्या आत विद्यापीठाकडे पाठवायची. शेवटच्या पानावर कंपनीच्या प्रमुखाची सही हवी, की यातली माहिती आमची आहे आणि आम्हाला मान्य आहे. सही नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर पदवी नाही. तिच्या मार्गदर्शकांचं शेवटचं पत्र चार शब्दांचं होतं: ‘आकडे उत्तम. सही कुठे?’

सही काकांची लागणार होती. आणि काका एक्केचाळिसाव्या पानावर अडले होते.

“सतरा,” काका म्हणाले. चष्मा त्यांनी कपाळावर ढकलला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “एक किलो कपडे धुवायला आपण सतरा लिटर पाणी वापरतो. असं तू लिहिलंयस. आपल्याबद्दल.”

“मोजून लिहिलंय, काका. सात आठवडे, प्रत्येक मशीनला वेगळं मीटर लावून.”

“लिटरबाई,” दादा हळूच म्हणाला. दादा म्हणजे काकांचा मुलगा, विक्री बघायचा. सुट्टीत आल्यापासून ती हातात वही घेऊन मीटर वाचत फिरायची, तेव्हाच त्याने हे नाव ठेवलं होतं.

“आणि खाली काय लिहिलंयस? की आजोबांच्या काळात हाच आकडा अकरा होता. म्हणजे वाचणाऱ्याला काय वाटेल?”

“की आपण पूर्वी अकरा लिटर वापरायचो आणि आता सतरा वापरतो.”

“तेच ना!” काकांनी टेबलावर हात आपटला. “मंगळवारी त्या परदेशी हॉटेलवाल्यांची माणसं येतायत. चार हॉटेलं, एकदम. त्यांना शाश्वत पुरवठादार हवाय. मी त्यांना सांगून बसलोय की आमच्याच घरची मुलगी आमच्यावर संशोधन करतेय. आता ते म्हणतात, दाखवा संशोधन. दाखवू? की आमच्या म्हाताऱ्याचं चांगलं होतं आणि मी आल्यावर वाट लागली?”

आजोबांनी मान डोलावली. पण त्याला काही अर्थ नव्हता. सभा सुरू झाली की ते कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि अधूनमधून मान डोलावत. त्यामुळे घरात त्यांच्याइतकं समजूतदार कोणी नाही, असा त्यांचा लौकिक होता.

धाकटीने मनात आंतरसांस्कृतिक वाटाघाटींचा अख्ख्या अभ्यासक्रमाची उजळणी केली. त्यात दोन खंडांतल्या कंपन्यांना एका टेबलावर आणायच्या पाच पायऱ्या होत्या. काका आणि पुतणी यांच्यासाठी एकही नव्हती.

“काका, कारण तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. “टाकी.”

टाकी हा शब्द निघाला आणि मशिनं सांभाळणाऱ्या तिच्या बाबांनी चहाचा कप उगीचच फिरवायला घेतला.

टाकीची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, म्हणून तिच्यावर कोणी बोलत नसे. कपडे शेवटी खळबळून काढल्यावर जे पाणी उरतं ते जवळजवळ स्वच्छ असतं, कोमटही असतं. आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी ते पाणी मागच्या अंगणातल्या टाकीत घ्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या खेपेच्या कपड्यांचं पहिलं भिजवण त्यात होऊ लागलं. यामागे पृथ्वीचा विचार नव्हता. पाणी फुकट जाताना बघवत नव्हतं, एवढंच.

चार वर्षांपूर्वी काकांनी हरित अभियान सुरू केलं. सल्लागार आले. त्यांनी मशिनांमागच्या भिंतीवरचे पाइप बघून सांगितलं की हे पाहुण्यांना बरं दिसत नाही. पाइप कापले. भिंतीला पांढरा रंग दिला. टाकी रिकामी करून हिरवी रंगवली आणि तिच्यावर एक मोठं पान काढलं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काका तिच्यापाशी नेतात, तिच्यावर हात ठेवतात आणि सांगतात, “आमचं पाणी इथे साठतं आणि पुन्हा वापरात येतं.” पाहुणे टाकीचा फोटो काढतात.

“म्हणजे आपण शाश्वत झालो तेव्हापासून दर किलोला सहा लिटर जास्त लागतंय,” धाकटी म्हणाली. “माझ्या प्रबंधाचा निष्कर्षच तो आहे.”

“निष्कर्ष बदलता येत नाही का?” दादाने विचारलं. त्याने खरोखरच माहिती म्हणून विचारलं होतं.

“दादा, मागच्या वर्षी तूच हॉटेलांना कार्डं छापून फुकट वाटलीस. ‘टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा.’ आठवतंय?”

“चांगली होती कार्डं.”

“चांगलीच होती. लोकांनी ऐकलं. आपल्याकडे येणारे टॉवेल पाचव्या हिश्श्याने कमी झाले. पान सत्तावन्न.”

दादाने पान सत्तावन्न उघडलं, वाचलं आणि तो काकांच्या बाजूला गेला. नुसताच नाही, खुर्चीसकट गेला. “पप्पा, हे नाही पाठवू शकत आपण.”

काकांना जरा हायसं वाटलं. आपण दुष्ट नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरीच्या शिक्षणाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला वाढवलं कोणी? याच घराने. आता तीच पोर चौऱ्याण्णव पानं घेऊन येते आणि त्यात काकांचं हरित अभियान दोन ओळींत कोसळतं. तिला नापास करायचं नव्हतं त्यांना. फक्त एक आकडा हवा होता. अकरा नाही तर गेला बाजार बारा.

“तू बोल रे,” ते धाकट्या भावाला म्हणाले. “मशिनं तुझी, मुलगी तुझी.”

बाबा गेली तीस वर्षं प्रत्येक सभेत एकच वाक्य बोलत आले होते, तेच बोलले. “तू म्हणतोस त्यातही तथ्य आहे.” मग मुलीकडे बघून जोडलं, “आणि तू म्हणतेस त्यातही.”

“बाबा!”

“एक मिनिट, एक मिनिट.” दादा मागची परिशिष्टं चाळत होता. शाळेतही तो उत्तरं मागूनच शोधायचा. “हे काय आहे? मशीन क्रमांक तीन: दहा पूर्णांक आठ. पप्पा, हे बघा! दहा पूर्णांक आठ! आपल्याकडे आहे की चांगला आकडा!”

“तो धरायचा नाही,” धाकटी म्हणाली. “पुढे लिहिलंय बघ. ‘मीटर सदोष, वगळले.’ बाकीची पाचही मशिनं सतराच्या आसपास आहेत. सारखंच मशीन, सारखेच कपडे, आणि एकटंच अकराच्या खाली? तसं होत नाही. मी बाबांना विचारलंही होतं.”

“काय म्हणाला हा?”

“पाइपात हवा येत असेल म्हणाले.”

“मग तोच आकडा घाल,” काका म्हणाले.

“अहो काका, मीटर बिघडलंय.”

“बिघडलं असलं तरी मीटर आपलंच आहे ना? आपण थोडंच बाहेरून आणलंय?”

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. काकांमुळे नव्हे. आपणच आत्ता मोठ्याने म्हटलेलं एक वाक्य तिच्या डोक्यात परत वाजलं होतं. पाइपात हवा. पाइपात हवा आली तर मीटर जास्त फिरतं, कारण हवाही पाणी म्हणून मोजली जाते. कमी दाखवत नाही. हे तिला बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. एखाद्या परक्या कारागिराने सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे त्याला अडवलं असतं. बाबांनी सांगितलं, म्हणून तिने ‘सदोष’ लिहून टाकलं आणि पुढच्या पानावर गेली.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा कपाच्या तळाशी बघत होते. काकू दाराजवळच्या खुर्चीतून रिकामा ट्रे घेऊन उठली.

“मी खाली जाते,” धाकटी म्हणाली. “मला बादली हवी.”

“बादली कशाला?” काका.

“मीटर तपासायला. वीस लिटरची.”

काकू दारातच थांबली. “आज रविवार आहे,” ती म्हणाली. “उद्या बघ.”

“उद्या बाराला पाठवायचंय, काकू.”

काकूने इतक्या वर्षांत धाकटीला कुठल्या कामाला उद्या बघ म्हटलं नव्हतं. बायको आतून हलली आहे, हे काकांनाही कळलं. त्यांना वाटलं, हिलाही माझी बाजू पटली. म्हणून ते उत्साहाने उठले. “चला, सगळेच जाऊ. मीटर बरोबर निघालं तर तीन नंबरचा आकडा घालायचा. कबूल?”

सगळे लोखंडी जिन्यावरून खाली उतरले. आजोबाही उतरले, कारण सगळे उठले म्हणजे जेवायची वेळ झाली असं त्यांना वाटलं.

तीन नंबरच्या मीटरपुढच्या नळाखाली धाकटीने बादली ठेवली. मीटरचा आकडा टिपला, नळ सोडला. वीस लिटरच्या खुणेपाशी बंद केला. मीटर वीसने पुढे गेलं होतं. तिने बादली ओतली आणि पुन्हा भरली. वीस. तिसऱ्यांदाही वीस. तिसऱ्या वेळी बादली जराशी हिंदकळली आणि काकांचे बूट भिजले. पण काका हसत होते.

“बिघडलेलं नाही!”

“नाही,” धाकटी म्हणाली. “मीटर बरोबर आहे. म्हणजे या मशीनला नळाचं पाणी खरंच कमी लागतं. पण कपडे तर तेवढेच भिजतात. मग उरलेलं पाणी येतं कुठून?”

मशीनच्या मागे जुन्या फाटक्या चादरींच्या दोन गाड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता तिच्या लक्षात आलं की सात आठवड्यांत या दोन गाड्या इथून कधीच हललेल्या नव्हत्या. तिने एक ओढली. मागे, भिंतीसारखाच पांढरा रंगवलेला एक पाइप होता. मशीनपासून निघून, जमिनीलगत जाऊन, भिंतीत शिरलेला. त्याच्या शेजारी दुसरा. एक जाणारा, एक येणारा.

मागच्या दाराने ती अंगणात गेली. बाकीचे तिच्यामागून. हिरव्या टाकीवर तिने मुठीने ठकठक केलं. वरच्या बाजूला पोकळ आवाज आला. खाली येत गेली, तर छातीच्या उंचीला आवाज बदलला. जड, बसका.

“भरलीय,” ती म्हणाली.

“कशी भरेल?” काका म्हणाले. “रिकामी आहे ती. मीच रिकामी केली.” त्यांनी स्वतः ठकठक करून पाहिलं. पानाच्या देठापाशी एकदा, खाली एकदा. मग हात तिथेच ठेवून उभे राहिले, पाहुण्यांपुढे उभे राहत तसे. चार वर्षं ते इथे उभे राहून खोटं बोलत होते, आणि आज त्यांना कळत होतं की ते सहावा हिस्सा खरं होतं. कोणी आपल्याला न सांगताच आपल्याला खरं बोलायला लावलं, याचा राग धरावा की आनंद मानावा, हे त्यांना ठरवता येईना.

“कोणी केलं हे?”

“मी,” बाबा म्हणाले.

“मी सांगितलं,” काकू म्हणाली. दोघंही एकदमच बोलली.

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यात एकच बाजू घेतल्यासारखं झालं आणि ते घाबरून एक पाऊल मागे सरकले. मग काकूच बोलली. ट्रे अजून तिच्या हातात होता.

“पाइप कापले त्याच्या तिसऱ्या दिवशी. शेवटचं पाणी गटारात जात होतं, चांगलं कोमट. मी रोज सकाळी सहापासून इथे उभी असते. तुम्ही वरून काचेतून बघता, तुम्हाला पाणी दिसत नाही, मशीन दिसतं. भाऊजींना म्हटलं, सगळी नाही तर एक तरी जोडा. तीन नंबरच्या मागे गाड्या लावल्या की कोणाला दिसायचं नाही.”

“मला विचारायचंस तरी!”

“विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सल्लागारांना विचारतो.”

दादाला खोकला आला. आजोबांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं, टाकीवर ठकठक केलं आणि विचारलं, “किती भरते आता?”

“निम्मी,” काकू मोठ्याने म्हणाली.

“बरं आहे,” आजोबा म्हणाले आणि यंत्र पुन्हा खिशात ठेवलं.

काका एवढ्यात सावरले. तशी त्यांना वेळ फारशी लागत नसे. “म्हणजे बघ,” ते धाकटीला म्हणाले, “मी म्हणतच होतो. आपली व्यवस्था चालू आहे. लिही: व्यवस्थापनाच्या पुढाकाराने टाकी कार्यरत. दहा पूर्णांक आठ. आण ते पान, सही करतो.”

पेन त्यांच्या खिशात होतं आणि ते त्यांनी बाहेरही काढलं होतं. धाकटीला फक्त मान हलवायची होती. उद्या बारा वाजता दोन वर्षं सुफळ संपूर्ण झाली असती.

“दोन्ही आकडे लिहीन,” ती म्हणाली. “पाच मशिनं सतरा. एक मशीन दहा पूर्णांक आठ. फरक दोन पाइपांचा. ते पाइप व्यवस्थापनाने कापले आणि धुलाई विभागाने व्यवस्थापनाला न सांगता परत जोडले. आणि मी ते मशीन सदोष म्हणून वगळलं होतं, हेही लिहीन.”

“ते कशाला? त्यात तुझेच गुण जातील.”

“जातील.”

“मग मी नाही सही करत.” काकांनी पेन खिशात ठेवलं. “स्वतःच्या बायकोने माझं ऐकलं नाही, हे मी लिहून देऊ? परदेशी माणसांना?”

दादा बूट बघत होता. बाबांचे ओठ हलले, आणि ‘त्यातही तथ्य आहे’ हे शब्द तिथपर्यंत येऊन परत गेले. ते मुलीशेजारी येऊन उभे राहिले.

काकूने ट्रे टाकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “मंगळवारी ते लोक इथे येतील. तुम्ही टाकीवर हात ठेवाल. त्यांच्यात एखादा तरी हिच्यासारखा असेल, तो म्हणेल पाइप दाखवा. तेव्हा तुम्ही काय दाखवाल?”

काकांनी मागच्या दारातून आतल्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

“तीन नंबरच्या मागचे. तेवढेच आहेत. आणि कोणी जोडले विचारलं तर मी तिथेच उभी असेन, मी काही रजेवर नाही. त्यापेक्षा सही करा. उद्या सकाळी भाऊजी उरलेली पाच जोडायला घेतील. मंगळवारपर्यंत दोन तरी होतील. मग तुम्ही म्हणा, आम्ही चुकलो होतो आणि सुधारतोय. लोकांना ते आवडतं.”

“आवडतं?” काकांनी धाकटीला विचारलं. हा प्रश्न मात्र तिला तज्ज्ञ म्हणून विचारला होता.

“त्यावर एक अख्खा अभ्यासक्रम आहे,” धाकटी म्हणाली.

काकांनी वरून शेवटचं पान आणवलं आणि टाकीवरच ठेवून सही केली. त्याआधी एक दुरुस्ती मात्र करून घेतली. ‘व्यवस्थापनाला न सांगता’ याऐवजी त्यांना ‘व्यवस्थापनाच्या मूक पाठिंब्याने’ हवं होतं. बरीच घासाघीस होऊन ‘व्यवस्थापनाच्या नकळत’वर तोडगा निघाला. ते हरले नाहीत, असं त्यांना वाटावं इतपत ते पुरेसं होतं. मग ओले बूट वाजवत ते वर गेले. मागून दादा, मंगळवारसाठी नवी कार्डं छापावीत का, असं विचारत.

धाकटी तीन नंबरपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. एक्केचाळिसावं पान दुरुस्त केलं. परिशिष्टातलं ‘सदोष’ खोडलं. मग तिला आठवलं की माहिती देणाऱ्याचं नाव आणि पद लिहावं लागतं, आणि तिने तिसरं प्रकरण उघडलं. तिथे तिने स्वतःच्या हाताने लॉन्ड्रीचा आराखडा काढला होता. रेघा कशा सरळ, चौकटी कशा एकसारख्या. वर काका. खाली दादा, विक्री. बाबा, यंत्रं. बाजूला, तुटक रेषेने, आजोबा: संस्थापक, सल्लागार. काकांची तिने दोन तास मुलाखत घेतली होती. दादाची दीड तास. धुलाई विभागाला चौकट होती, पण तिच्यात कोणाचं नाव नव्हतं. सात आठवडे ती रोज सकाळी सहा वाजता इथे येऊन मीटर वाचत होती, आणि रोज कोणीतरी तिच्या हातात चहा देत होतं.

तीन नंबर एकटंच वगळलं नव्हतं तिने.

काकू इस्त्रीच्या टेबलाशी उद्याच्या चादरी काढत होती.

“काकू,” धाकटी म्हणाली, “तुझं पद काय लिहू?”

“म्हणजे?”

“इथे लिहायचं असतं. तू कंपनीत कोण.”

काकूने विचार केल्यासारखं केलं. घडी न झालेली एक मोठी चादर उचलली, तिची दोन टोकं स्वतःच्या मुठीत धरली आणि उरलेली दोन पुढे केली.

“ते मागाहून सांगते. आधी हे धर. एकटीला जमत नाही.”

धाकटीने लॅपटॉप खाली ठेवला. टोकं धरली, मागे सरकली, चादर ताणली, आणि मग काकूच्या दिशेने चालत गेली.